पातळ अँटिफेरोमॅग्नेट फिल्ममधले इलेक्ट्रॉन कसे मोजतात? बेळगाव, खानापूर, निपाणीकडून वारंवार येणारे प्रश्न

मी खानापूर तालुक्यातला. दहावीपर्यंत मराठी शाळा, बीएस्सी बेळगावात, एमएस्सी कोल्हापूरला. त्यानंतरची सगळी वर्षं निर्वात पंप आणि पातळ फिल्म यांच्यात गेली. गणपतीला गावी आलो की ओळखीच्या कुणाची तरी मुलगी किंवा भाचा एमएस्सीचा प्रोजेक्ट घेऊन येतो. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा लिहून काढले. यातले काही प्रश्न विद्यार्थ्यांचे आहेत, काही उद्यमबागेतल्या, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या, मित्रांचे आणि एक आमच्या मामांचा.

चुंबकाला चिकटत नाही, तर ते चुंबक कसलं वो?

हा मामांचा. त्यांना जे सांगितलं तेच इथे सांगतो. शहापूर-वडगावच्या मागावर साधं विणकाम बघा. एक उभा धागा वर, त्याच्या शेजारचा खाली, पुन्हा एक वर, एक खाली. हाताला कापड सपाट लागतं, पण म्हणून त्यात वर-खाली नाही असं कोण म्हणेल?

लोखंडात प्रत्येक अणूचं बारीक चुंबकत्व एकाच दिशेला असतं. त्याची बेरीज होते आणि खिळा चिकटतो. अँटिफेरोमॅग्नेटमध्ये, म्हणजे आपल्या मराठी पुस्तकांतल्या प्रतिलोहचुंबकात, शेजारशेजारचे अणू उलट दिशांना असतात. ही रचना लोखंडाइतकीच शिस्तीची असते, फक्त बेरीज शून्य येते. त्यामुळे होकायंत्राला तिचा पत्ता लागत नाही. फ्रान्सच्या लुई नील यांनी १९३० च्या दशकात ही कल्पना मांडली. प्रत्यक्ष पुरावा यायला १९४९ उजाडलं. क्लिफर्ड शल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत मँगनीज ऑक्साइडवर न्यूट्रॉन सोडले, तेव्हा थंड नमुन्यात एरवी नसणारी जास्तीची शिखरं दिसली. न्यूट्रॉनला ‘वर’चा अणू आणि ‘खाली’चा अणू वेगळे दिसतात, म्हणून त्याच्या दृष्टीने नक्षी दुप्पट लांबीवर पुन्हा येते. नील यांना १९७० साली नोबेल मिळालं. शल यांना १९९४ पर्यंत थांबावं लागलं.

असे पदार्थ कोणते? काही तरी ओळखीचं सांगा.

क्रोमियम. उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरच्या दांड्यांवर चढवतात तेच. शुद्ध क्रोमियमची ही आतली शिस्त सुमारे ३११ केल्विनला मोडते, म्हणजे ३८ अंश सेल्सिअसला. अथणीकडच्या उन्हाळ्यात दुपारी एकला क्रोमियमचा तुकडा बाहेर ठेवलात तर तो अँटिफेरोमॅग्नेट राहणार नाही, रात्री पुन्हा होईल. बघणाऱ्याला काहीही कळणार नाही. या तापमानाला नील तापमान म्हणतात.

मँगनीज ऑक्साइडचं नील तापमान सुमारे १२० केल्विन आहे, निकेल ऑक्साइडचं सुमारे ५२५. मँगनीज टेल्युराइडचं ३१० च्या जरा खाली, म्हणजे तेही आपल्या हवेच्या काठावरच. उपकरणात घालायचं तर यापेक्षा दणकट काही तरी हवं. म्हणून बरेच लोक मँगनीज आणि सोन्याच्या संयुगावर काम करतात. त्यात सोन्याच्या प्रत्येक अणूमागे मँगनीजचे दोन अणू असतात. त्याचं नील तापमान १००० केल्विनच्याही वर मानतात. या पानावर मी ज्याला ‘मँगनीज-सोनं’ म्हणेन ते हेच. (सराफकट्ट्यावरच्या एकाने हे ऐकून कॅरेट विचारलं होतं. वजनाने बघितलं तर सोनं निम्म्याहून बरंच जास्त भरतं, पण हॉलमार्क मिळणार नाही.)

‘इलेक्ट्रॉन संरचना मोजतो’ म्हणजे नेमकं काय मोजता?

धातूतले इलेक्ट्रॉन कुठेही कसेही फिरत नाहीत. एखाद्या इलेक्ट्रॉनचा संवेग इतका असेल तर त्याची ऊर्जा किती असू शकते, हे स्फटिकाची रचना ठरवते. संवेग आडव्या अक्षावर आणि ऊर्जा उभ्या अक्षावर घेतली की परवानगी असलेल्या जागांच्या वळणदार रेषा मिळतात. हेच ऊर्जा-पट्टे, ज्यांना सगळे ‘बँड’ म्हणतात. वीज कशी वाहील, प्रकाश कसा शोषला जाईल, चुंबकत्व कशाने फिरेल, सगळं या रेषांत असतं. त्या रेषा गणिताने काढता येतात. आम्ही त्या प्रत्यक्ष बघतो.

बघता कसे?

प्रकाश टाकून इलेक्ट्रॉन बाहेर काढतो आणि बाहेर आलेल्या इलेक्ट्रॉनची चौकशी करतो. बारावीला शिकलेला फोटोइलेक्ट्रिक परिणामच हा: हर्ट्झना १८८७ मध्ये दिसलेला, आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये उलगडलेला. बारावीत आपण फक्त किती इलेक्ट्रॉन निघाले आणि कुठल्या व्होल्टेजला थांबले एवढंच बघतो. इथे आणखी एक गोष्ट बघायची, तो कुठल्या कोनात निघाला. म्हणून याचं नाव कोन-विभेदी फोटोइमिशन. बोलताना सगळे ‘आर्पेस’ म्हणतात.

ऊर्जेचा हिशोब किराणा दुकानातला आहे. फोटॉनने दिलेली ऊर्जा, वजा बाहेर पडण्याची किंमत (वर्क फंक्शन, धातूंना साधारण ४ ते ५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट), वजा इलेक्ट्रॉन आत जितका खोल बांधलेला होता ती ऊर्जा. उरेल ती त्याची गतिज ऊर्जा. ही आपण मोजतो, बाकी दोन माहीत असतात, म्हणून बांधणीची ऊर्जा कळते.

संवेगाचं थोडं गमतीचं आहे. पृष्ठभागाला समांतर असलेला संवेगाचा भाग बाहेर पडताना बदलत नाही, कारण त्या दिशेने स्फटिक सगळीकडे सारखाच असतो. त्यामुळे बाहेरचा कोन बघून आतला संवेग सांगता येतो. काटकोनातल्या भागाचं तसं नाही. उंबरा ओलांडताना तो बदलतो, आणि त्यासाठी फोटॉनची ऊर्जा बदलत बदलत वेगळा खटाटोप करावा लागतो. सिंक्रोट्रॉन (इलेक्ट्रॉन वर्तुळात पळवून त्यांच्यापासून प्रकाश मिळवणारं मोठं यंत्र) लागतं ते बरंचसं याचसाठी, कारण तिथे ऊर्जा हवी तशी बदलून मिळते. प्रयोगशाळेतल्या हेलियमच्या दिव्याला मुख्यतः एकच ठरलेली ऊर्जा, २१.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट.

एक उदाहरण आकडे घालून दाखवा ना. परीक्षेत येतं.

घ्या. हेलियमचा दिवा, २१.२. वर्क फंक्शन ४.५ धरू. बांधणीची ऊर्जा शून्य असलेला, म्हणजे अगदी फर्मी पातळीवरचा (धातूतल्या भरलेल्या जागांच्या वरच्या काठावरचा) इलेक्ट्रॉन १६.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट घेऊन बाहेर येईल.

समांतर तरंगसदिश (संवेगाचंच दुसऱ्या एककातलं माप) काढायचा तर गतिज ऊर्जेचं वर्गमूळ घ्या, त्याला ०.५१२ ने गुणा, मग कोनाच्या साइनने गुणा. उत्तर ‘दर अँगस्ट्रॉम’ या एककात येतं. १६.७ चं वर्गमूळ ४.०९. कोन १० अंश असेल तर साइन ०.१७४. गुणाकार सुमारे ०.३६.

आता हा आकडा मोठा की लहान? स्फटिकाच्या चौरस जाळीची लांबी ४ अँगस्ट्रॉम असेल तर ब्रिल्वाँ क्षेत्राची (संवेगाच्या नकाशातला पुन्हा पुन्हा येणारा एक तुकडा) कड पाय (π) भागिले ४, म्हणजे ०.७९ वर येते. तिथे पोचायला साधारण २२ अंशांपर्यंत जावं लागेल. म्हणजे मध्यापासून कडेपर्यंतचा सगळा नकाशा २२ अंशांत मावतो. एवढं हाताने करता आलं की तोंडी परीक्षेत निम्मं काम झालं.

मग मोठा स्फटिक घ्यायचा सोडून फिल्मच का?

मोठे स्फटिक घेतातच, आणि ते तोडून ताजा पृष्ठभाग मिळत असेल तर त्यासारखं सुख नाही. पण मँगनीज-सोन्यासारखे पदार्थ छान पापुद्र्यांत फुटत नाहीत. शिवाय उपकरणात शेवटी फिल्मच जाणार. फिल्मला खालच्या आधाराचा ताण बसतो आणि त्याने पट्टे सरकतात. जे वापरायचं तेच मोजलेलं बरं.

न्यूट्रॉनवाल्यांना मात्र फिल्म आवडत नाही. एक सेंटिमीटर लांब-रुंद आणि ४० नॅनोमीटर जाड फिल्मचं आकारमान एका घन सेंटिमीटरच्या अडीच लाखाव्या भागाइतकं भरतं. तेवढ्यात न्यूट्रॉन अडकणार किती? फोटोइमिशनला उलट वरचे चार थर पुरतात. पुरतात कसले, तेवढेच दिसतात.

फिल्म बनते कशी?

दोन मुख्य रस्ते. एक स्पटरिंग: आर्गनचे आयन मूळ पदार्थाच्या चकतीवर आपटवायचे, उडालेले अणू समोरच्या तापलेल्या आधारावर बसतात. दुसरा आण्विक शलाका पद्धतीचा: वेगवेगळ्या मुशींतून मूलद्रव्यं सावकाश वाफवायची. दुसरी पद्धत महाग आणि हळू आहे, पण सुबक.

आधाराचा स्फटिक नीट निवडावा लागतो, कारण फिल्मने त्याच्या जाळीवर पाय ठेवूनच वाढायचं असतं. मँगनीज टेल्युराइड इंडियम फॉस्फाइडवर वाढवतात. जर्मनीत माइंझच्या गटाची मँगनीज-सोन्याची फिल्म नीलमाच्या एका तिरक्या कापावर असते, मध्ये टँटलमचा थर देऊन. नीलम म्हणजे ॲल्युमिनाचा एकसंध स्फटिक, आणि ॲल्युमिना म्हणजे बेळगावच्या हिंडाल्कोत बॉक्साइटपासून निघते तीच पांढरी पूड. पूड आणि स्फटिक यांत फरक प्रचंड आहे, मान्य. पण ‘सॅफायर सबस्ट्रेट’ ऐकून दचकणाऱ्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो.

निर्वात एवढा कडक कशाला?

सांगितलं ना, वरचे चार थरच दिसतात. २० ते १०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन धातूतून साधारण ५ ते १० अँगस्ट्रॉम जातो, मग कुठे तरी धडकून आपली माहिती घालवतो. म्हणजे वर घाणीचा एकच थर बसला तरी तुम्ही मँगनीज-सोनं मोजत नसून घाण मोजताय.

घाण बसायला किती वेळ लागतो ते बघा. दाब एका टॉरचा दहा लाखावा भाग असेल (हवेचा दाब ७६० टॉर), आणि येणारा प्रत्येक रेणू चिकटतो असं धरलं, तर एका सेकंदात एक थर. दाब टॉरचा हजार कोटीवा भाग केला तर तोच थर बसायला दहा हजार सेकंद लागतात, म्हणजे पावणेतीन तास. एवढ्यात मोजमाप कसंबसं उरकतं. आणखी दहा पट खाली गेलात की एक दिवस हाताशी येतो.

तिथे पोचायला अख्खं पोलादी भांडं ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून दोन-तीन दिवस सव्वाशे-दीडशे अंशांवर शेकायचं, भिंतींना चिकटलेलं पाणी हाकलायचं. आणि आपल्याकडचा पावसाळा तुम्हाला माहीत आहे. मी शिकत होतो तेव्हा एका प्रयोगशाळेत जुलैच्या रात्री वीज गेली, जनरेटर कुणी तरी दुरुस्तीला दिला होता, आणि झडप आपोआप बंद व्हायची ती झाली नाही. सकाळी भांड्यात दाब वाढलेला आणि माझी तीन आठवड्यांची फिल्म तांबूस. नवीन पंप मागण्याआधी वीज गेली की काय होतं ते तपासा. प्रकल्पाच्या अर्जात यूपीएसची ओळ सगळ्यात वर लिहा, हसणाऱ्यांना हसू दे.

आमची फिल्म इथे बनेल, मोजणी दुसरीकडे. मध्ये हवा लागणारच. मग?

तीन उपाय आहेत, तिन्ही अर्धवट.

पहिला, निर्वात सुटकेस. पंप लावलेली छोटी पेटी, तिच्यातून फिल्म न्यायची. चांगला उपाय आहे, पण दोन्हीकडची नमुना-पकड सारखी हवी. ती कधीच सारखी नसते. मग कुणी तरी लेथवर जोडतुकडा करतो, आणि इथे उद्यमबागेतल्या लोकांचा हात धरणारं कुणी नाही. शून्य-शून्य-दोन मिलिमीटरची गोष्ट त्यांना दोनदा सांगावी लागत नाही. फक्त एक: तेलकट हाताने भाग पाकिटात घालू नका. अंगठ्याचा एक ठसा दिवसेंदिवस वायू सोडत बसतो.

दुसरा, वर झाकण थर. मँगनीज टेल्युराइडसारख्या फिल्मवर टेल्युरियम, आर्सेनिकवाल्या फिल्मवर आर्सेनिक चढवतात आणि मोजण्याआधी गरम करून उडवतात. धातूच्या फिल्मवर ॲल्युमिनियमचा दोन-तीन नॅनोमीटरचा थर देतात, पण तो उडत नाही. तिथेच ठेवायचा झाला तर त्यातून आरपार बघावं लागतं, म्हणजे काही हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचे कठीण क्ष-किरण वापरायचे. तेव्हा इलेक्ट्रॉन काही नॅनोमीटर खोलीवरूनही माहिती घेऊन येतात. किंमत अशी की कोनाची आणि ऊर्जेची बारकाई कमी होते, आणि अणूंच्या थरथरीने चित्र पुसट होऊ नये म्हणून नमुना थंड ठेवावा लागतो.

तिसरा, वरचा थर आर्गनने खरडायचा आणि तापवून पृष्ठभाग पुन्हा नीट बसवायचा. शुद्ध धातूला जमतं. संयुगात एक मूलद्रव्य दुसऱ्यापेक्षा लवकर उडतं आणि पृष्ठभागाचं प्रमाण बिघडतं. मी तरी शक्यतो टाळतो.

सगळं नीट केलं, तरी गाईड म्हणतात ‘डोमेनचं काय?’ हे काय प्रकरण आहे?

गाईड बरोबर विचारतायत. मला विचाराल तर या विषयातला खरा प्रश्न हाच आहे, बाकी सगळी हमाली.

चिकोडी-निपाणीकडे उसाची शेतं बघा. एकाने सऱ्या दक्षिणोत्तर पाडल्या, बांधापलीकडच्याने पूर्वपश्चिम. विमानातून दहा शेतं एकदम बघितली तर सऱ्यांना दिशा आहे हेच कळणार नाही, नुसता हिरवा रंग. अँटिफेरोमॅग्नेट फिल्ममध्ये अशीच शेतं असतात. त्यांना डोमेन म्हणतात, आणि सऱ्यांच्या दिशेला नील सदिश. डोमेन मायक्रोमीटरच्या आसपासची आणि क्ष-किरणाचा ठिपका दहापासून शंभर मायक्रोमीटरचा असेल तर तुम्ही सरासरी मोजता. चुंबकत्वामुळे पट्ट्यांत पडलेला फरक त्या सरासरीत बुडतो. पट्टे सुंदर दिसतात, शोधनिबंधही निघतो. पण त्यात अँटिफेरोमॅग्नेटचं असं काही उरलेलं नसतं.

लोखंडाची फिल्म असती तर एक चुंबक जवळ नेऊन सगळी डोमेन एका दिशेला केली असती. इथे बेरीजच शून्य, ओढायचं कशाला धरून? उपाय आहे, पण रानटी आहे. क्षेत्र प्रचंड वाढवलं की उलटसुलट अणू क्षेत्राला काटकोनात आडवे होतात आणि तिथून क्षेत्राकडे किंचित कलतात. त्यातच त्यांना ऊर्जेचा फायदा असतो. याला स्पिन-फ्लॉप म्हणतात. मँगनीज-सोन्याच्या फिल्मसाठी ६० टेस्लाचे क्षणभराचे स्पंद वापरले गेले. दवाखान्यातलं एमआरआय यंत्र दीड किंवा तीन टेस्लाचं असतं, म्हणजे अंदाज करा. क्षेत्र गेल्यावरही डोमेन बऱ्यापैकी त्या दिशेला राहतात. मग ती झाकलेली फिल्म फोटोइमिशनला न्यायची. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या कामात असं दिसलं की नील सदिशाला काटकोनात धावणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जा सरकतात. म्हणजे सऱ्यांची दिशा इलेक्ट्रॉनला कळते. हे आधी गणितात होतं, मग डोळ्यांना दिसलं.

डोमेन खरंच एका दिशेला आली का, हे वेगळं तपासायचं. त्यासाठी रेषीय ध्रुवित क्ष-किरण वापरतात. मँगनीजच्या ६४० ते ६५० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या शोषणकडेला (ज्या ऊर्जेला शोषण एकदम वाढतं तिथे), ध्रुवणाची दिशा नील सदिशाला समांतर असताना आणि काटकोनात असताना शोषण किंचित वेगळं येतं. त्या फरकातून सूक्ष्मदर्शकाखाली डोमेनचा नकाशाही काढता येतो. धातूंत हा फरक फार थोडा असतो, त्यामुळे घाईच्या माणसाचं हे काम नाही.

म्हणून प्रोजेक्टची मांडणी करताना पहिलं वाक्य ‘आम्ही बँड मोजू’ असं लिहू नका. डोमेन कशी लावणार आणि लागली हे कशावरून सांगणार, ते लिहा. तपासणाऱ्याची नजर तिथेच जाते. मी स्वतः तपासतो तेव्हा माझीही जाते.

पट्टे ‘दुमडतात’ असं पुस्तकात आहे. आमच्या मोजणीत दुमड दिसत नाही.

पुन्हा मागावर या. एक वर, एक खाली म्हटल्यावर नक्षी एका धाग्यावर नाही, दोन धाग्यांवर पुन्हा येते. प्रत्यक्षात अंतर दुप्पट झालं की संवेगाच्या नकाशात क्षेत्र निम्मं होतं, आणि बाहेर राहिलेले पट्टे आत दुमडून येतात. जिथे मूळ पट्टा आणि दुमडलेला पट्टा एकमेकांना छेदतात तिथे फट पडते. अमेरिकेचे भौतिकशास्त्रज्ञ स्लेटर यांनी १९५१ मध्ये मांडलेली कल्पना ही. क्रोमियमसारख्या पदार्थांत ती शोधायची असते. दुमडलेली सावली मूळ पट्ट्यापेक्षा खूप फिकट असते, हेही लक्षात ठेवा.

पण तुमचा नमुना मँगनीज-सोनं असेल तर शोधू नका. तिथे रासायनिक एककपेशीतच (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सगळ्यात लहान ठोकळ्यातच) ‘वर’चे आणि ‘खाली’चे दोन्ही अणू आधीपासून असतात. चुंबकत्व आल्याने नक्षी मोठी होत नाही, म्हणून दुमड नाही. दुमड नाही म्हणजे चुंबकत्व नाही असा निष्कर्ष काढलेला मी पाहिलाय, तोही छापील.

स्पिन थेट मोजता येतो का?

स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनचं स्वतःचं बारीक चुंबकत्व, ‘वर’ किंवा ‘खाली’. मोजता येतो, पण संयम हवा. बाहेर आलेला इलेक्ट्रॉन सोन्यासारख्या जड धातूवर आपटवला की स्पिनप्रमाणे तो थोडा डावीकडे किंवा उजवीकडे जास्त विखुरतो. जुन्या मॉट शोधकांची कार्यक्षमता दहा हजारात एकच्या घरात असते. साधं चित्र मिनिटांत येत असेल तर हे चित्र रात्रभर चालतं.

त्याआधी एक विचारा: दिसायला काही आहे का? मँगनीज-सोन्यात स्फटिक एका मध्यबिंदूतून आरपार उलटवला आणि काळ उलटा केला, दोन्ही एकदम, तर रचना पूर्वीसारखी होते. या सममितीमुळे प्रत्येक पट्ट्यावर ‘वर’ आणि ‘खाली’ दोन्ही स्पिन एकाच ऊर्जेला बसतात. शोधक शून्य दाखवेल आणि ते शून्य बरोबर असेल.

ज्यांत शून्य येत नाही असा एक वर्ग गेल्या काही वर्षांत पुढे आला. नाव अल्टरमॅग्नेट, मांडणी २०२२ च्या सुमारास ठळक झाली. बेरीज इथेही शून्यच. पण ‘वर’च्या अणूभोवतीचा शेजार फिरवल्याशिवाय ‘खाली’च्या अणूच्या शेजारावर बसत नाही. समोरासमोरची दोन घरं सारखीच, पण एकाचं दार पूर्वेला आणि दुसऱ्याचं उत्तरेला, असं समजा. त्यामुळे काही दिशांना धावणाऱ्या इलेक्ट्रॉनमध्ये दोन स्पिनचे पट्टे वेगळे होतात. मँगनीज टेल्युराइडमध्ये हे २०२४ साली फोटोइमिशनने दाखवलं गेलं. क्रोमियम अँटिमोनाइडच्या फिल्ममध्ये त्याच वर्षी सुमारे ०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टचं अंतर मिळालं. खोलीच्या तापमानाची धुसरता फर्मी पातळीवर साधारण ०.१ ची असते, त्यापुढे ०.६ म्हणजे भलतंच ठळक.

रुथेनियम ऑक्साइड घ्यावं का? त्यावर खूप निबंध दिसतात.

नवशिक्याने घेऊ नये. फिल्मवरच्या काही मोजण्या चुंबकत्व आहे म्हणतात, म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ म्हणावा असा कण) आणि न्यूट्रॉनच्या बारीक मोजण्या मोठ्या नमुन्यात ते सापडत नाही म्हणतात. दोन बैलांच्या झुंजीत आपलं शेत तुडवून घेऊ नये.

निकेल ऑक्साइड स्वस्त आहे, ते चालेल?

ते विद्युतरोधक आहे. इलेक्ट्रॉन निघून गेले की नमुना धन भारित होतो आणि सगळा आलेख सरकत राहतो. चांदीसारख्या धातूवर काही थरांचीच पातळ फिल्म वाढवली तर भार खाली निघून जातो. त्यासाठी तरी फिल्म कामाला येते.

गणिताने काढलेले पट्टे आणि मोजलेले पट्टे जुळत नाहीत. कोण चूक?

मँगनीजमधले इलेक्ट्रॉन एकमेकांना फार टाळतात, आणि साधं घनता-फलन गणित (पट्टे काढायची नेहमीची संगणकी पद्धत) हे टाळणं कमी धरतं. मग लोक त्यात एक जास्तीचा आकडा घालतात आणि जुळेपर्यंत बदलतात. मी विरोधात नाही. पण आकडा आधी ठरवून मग तुलना करा, तुलना बघून आकडा ठरवू नका. आणि मोजणीतही चूक असू शकते: पृष्ठभागाचे स्वतःचे पट्टे असतात, ते आतल्यांत मिसळतात.

याचा उपयोग काय? घरी विचारतात.

नील यांनी नोबेलच्या व्याख्यानात या पदार्थांचा व्यवहारात उपयोग दिसत नसल्याचं म्हटलं होतं. नव्वदच्या दशकात हार्डडिस्कच्या वाचन-डोक्यात शेजारच्या लोहचुंबकाची दिशा पक्की धरून ठेवायला अँटिफेरोमॅग्नेट बसले. २०१६ मध्ये तांबं-मँगनीज-आर्सेनिकच्या फिल्ममध्ये नुसत्या विद्युतप्रवाहाने नील सदिश फिरवून दाखवला गेला. त्यातून अशी स्मृती करता येईल जिला बाहेरचं चुंबक पुसू शकत नाही आणि जिचे शेजारी बिट एकमेकांना त्रास देत नाहीत. बाजारात कधी येईल ते मी सांगणार नाही. घरी हार्डडिस्कचं सांगा, पटतं.

बेळगावात राहून यातलं काय करता येईल?

फोटोइमिशन नाही. पण फिल्म वाढवणं, क्ष-किरण विवर्तनाने ती तपासणं, थंड करत करत रोध मोजणं, हे आपल्याकडच्या आणि कोल्हापूरच्या विभागांच्या आवाक्यातलं आहे. नील तापमानाला रोधाच्या आलेखात बारीक वळण येतं. क्रोमियमवर ते फारसं थंड न करताही दिसतं, एमएस्सीला झकास प्रोजेक्ट होतो आणि फारसा कुणी करत नाही.

पुढच्या मोजणीला इंदूर. तिथल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-१ (४५ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट) आणि इंडस-२ (अडीचशे कोटी) ही दोन सिंक्रोट्रॉन आहेत. विद्यापीठांतल्या गटांना प्रस्ताव पाठवून वेळ मिळवता येतो. मुंबईच्या टीआयएफआरमध्येही (टाटा मूलभूत संशोधन संस्था) फोटोइमिशनचं काम चालतं. प्रस्ताव दोन पानांचा ठेवा आणि डोमेनचं वाक्य पहिल्या पानावर आणा.

मराठी माध्यम, घर कर्नाटकात, एमएस्सी महाराष्ट्रात. पीएचडीला अडचण येईल का?

नेट-जेआरएफ, गेट, जेस्ट या परीक्षा देशभराच्या आहेत, तिथे आपला सीमाप्रश्न कुणी विचारत नाही. इंग्रजीची पहिली दोन वर्षं जड जातात. मलाही गेली. सेमिनारआधी सगळं मराठीतून मोठ्याने बोलून बघायचो. जिथे मराठीत अडखळायचो तिथे मला समजलेलंच नसायचं.

फिल्म पाठवली तर मोजून द्याल का?

वेळ असेल तर हो. पण गेल्या वर्षी निपाणीहून एक पाकीट आलं, आत तीन चकचकीत तुकडे आणि ‘सर, प्लीज’ एवढीच चिठ्ठी. पाकिटावर हे लिहा: फिल्म वाढवल्याची तारीख, आधाराचा स्फटिक आणि त्याचा काप, मधला थर, फिल्मची जाडी, झाकण थर कशाचा आणि किती, किती दिवस हवेत होती, कुठल्या कडेला आधाराची कोणती दिशा आहे, आणि कुठला कोपरा चिमट्याने धरलाय. तुकडे कापसात गुंडाळू नका, धागे चिकटतात. आणि एक तुकडा स्वतःजवळ ठेवा. पाठवलेल्याचं काही झालं तर तोच उरतो.